फणसाखालची चिलटं

माझा जलम अळणावरच्या पलीकडचा, रानाला लागून असलेल्या वाडीतला. हा मुलूख म्हैसूर राज्यात गेला तवा मी रांगत हुते म्हणे. अप्पा लाकूडतोडीला जायचे, आई दुसऱ्याच्या भातात. लगीन करून उणकलला आले, तवा उणकल खेडंच हुतं. परसात भला मोठा फणस. अत्ती म्हंजे माझी सासू, तिनं पहिल्याच सकाळी हातात खराटा दिला आन म्हणाली, फणसाखाली एक पान दिसता कामा न्हाई, त्यावरनं सून कळती.

तर मी झाडायची. फणसाची ती बोटाएवढी नर बोंडं असत्यात बघा, फळ न धरणारी, काळी पडून बुरशी येऊन खाली गळत्यात, त्यांच्यावर चिलटं घोंगावत्यात, डोळ्यात जात्यात, ताटात पडत्यात, कानडीत नोरजु म्हणत्यात तीच. अत्तीला त्यांचा भारी तिटकारा. म्हणून सगळी बोंडं गोळा करून पेटवायची, वर कडूलिंबाचा पाला टाकून धूर करायचा. मला कामाचा कंटाळा न्हवता. शेजारणी म्हणायच्या, परस कसं आरशागत ठेवलंय. बरं वाटायचं मला, खोटं कशाला बोलू.

पण फणस धरायचा थांबला. आधी बुंध्यापासनं लगडायचा म्हणे, मी आल्यापासनं धरला तर एखाददुसरा, त्योबी वाकडातिकडा, आत गरे कमी. आन माझीबी कूस उजवली न्हाई. मग काय, लोकांनी दोन्ही एकत्र बांधलं, हिचा हात लागला आन झाड वांझ झालं. अत्ती तोंडावर बोलली न्हाई कधी, पण पावण्यांच्या देखत आधी फणसाकडं बघायची, मग माझ्याकडं. कुणाची ओटी भरायची असली की म्हणायची, तू चुलीकडं बघ गं. मालक सज्जन, पण आईपुढं त्यांचं तोंड उघडलं न्हाई. मेल्याहून मेल्यागत व्हायचं, ताई.

एका साली बोंडं गळायच्या दिवसांतच मला कावीळ झाली, माहेरी पडून ऱ्हायले. परस कुणी झाडलं न्हाई. उन्हाळ्यात परत आले तर फणस लगडलेला. शेजारीण हसत म्हणाली, बघ, तू गेलीस आन झाड धरलं. काय सांगू तुमाला, कुणाकडं मान वर करून बघवंना. दुसऱ्या दिवसापासनं मी अजून घासून झाडायला लागले, निदान त्यात तरी कुणी नाव ठेवू नये म्हणून. फणस परत रिकामा.

लई वर्सांनी माझ्या अक्काची पोरगी आली, शेतकीचं शिकलेली. मी बोंडं पेटवत हुते, तर तिनं हात धरला. मावशी, जाळू नको गं, ह्या कुजक्या बोंडांतच चिलटं वाढत्यात, बुरशी खात्यात, आन इकडनं तिकडं उडताना नर बोंडांतले कण मादी फुलांवर न्हेत्यात, त्यांच्याबिगर फणस धरायचा कसा. मी खालीच बसले. रोज त्यांची पिल्लं जाळत हुते मी, आन मला पोर न्हाई म्हणून रडत हुते.

अत्ती तवा अंथरुणाला खिळलेली. तिच्याजवळ बसून सगळं सांगितलं. तिनं इचारलं, आधी का धरायचा मग? मी म्हणाले, अत्ती, आधी तुमी दिवसभर शेतात, परस झाडायला सवड कुणाला हुती. मग पदर तोंडावर वडून घेतला तिनं. इतकी वर्सं मी तसं करायची, आता तिनं केलं, आन मला बघवलं न्हाई. म्हणाले, ऱ्हाऊ द्या अत्ती, ह्या शिकलेल्यांचं काय खरं असतंय.

पण तिला पटलं हुतं. पुढं पुतणसुनेची ओटी हुती, घर बायकांनी भरलेलं. अत्तीनं पडल्यापडल्या मोठ्यानं सांगितलं, पहिल्यांदा माझ्या सुनेला भरू द्या. सगळ्या बाजूला झाल्या. वाट झाली मला. आन ताई, माझं पाऊलच उचललं न्हाई. तांदूळ हातात, मीच म्हणाले, चुलीवर दूध हाय, आन आत गेले. चुलीवर काय बी न्हवतं.

अत्ती गेली. फणस आता दर साली धरतोय, परस घाण दिसतंय, दिसू दे. तुमी गरे खाऊन जावा. पोराबाळांनी सुखी ऱ्हावा, आन तुमच्या घरातल्या कुठल्या बाईला असं मागं ठेवू नका. लई दिवस ठेवलं की तिला पुढं येता येत न्हाई.