उजवीकडच्या खुंट्या

आजोबा : मग मला सांग, या उजवीकडच्या खुंट्या रोज आपोआप खाली येतात?

आजी : धूळ पुसताना हात लागत असेल.

आजोबा : हात लागला तर एखादी हलेल. उजवीकडच्या सगळ्याच, त्याही एका ओळीत? अगं, इक्वलायझर आहे तो, खिडकीची फळी नाही.

आजी : माहीत आहे. डावीकडच्या खुंट्या जाड आवाजाच्या, उजवीकडच्या बारीक आवाजाच्या. आणल्या दिवसापासून ऐकतेय.

आजोबा : रेकॉर्डवरच्या सुईचा आवाज मुळात नाजूक. त्याला आधी प्रीअँपने उचलून धरायचं, मग इक्वलायझरने हवा तसा सारखा करायचा. मी संध्याकाळी हे सगळं जीव लावून बसवतो, आणि दुसऱ्या दिवशी बघावं तर माझ्या मेहनतीवर पाणी.

आजी : बरं, मी खाली करते. झालं?

आजोबा : मुद्दाम?

आजी : मुद्दाम. तुम्ही फिरायला बाहेर पडलात की. थोड्या थोड्याच करते, तुमच्या लक्षात येऊ नये म्हणून.

आजोबा : आणि मी त्या थोड्या थोड्या वर करतो. म्हणजे या वयात आपली रस्सीखेच चाललीय. आणि मला पत्ताच नाही.

आजी : तुम्ही गाणं लावलंत की माझ्या कानात टोचतं हो. गाण्यात 'स' आला की साप फुत्कारल्यासारखं वाटतं. म्हणून तर स्वयंपाकघरात जाऊन बसते.

आजोबा : मला वाटलं, तुला माझा कंटाळा आला.

आजी : कंटाळायचं होतं तेव्हा मुलं लहान होती, वेळ नव्हता. आता कुठे कंटाळू.

आजोबा : मग दोष त्या प्रीअँपचाच. त्यात दमच नाही. वरचे बारीक आवाज येतच नाहीत. उद्या दुकानदाराकडे नेतो आणि चांगला फैलावर घेतो त्याला.

आजी : मला ताप आला होता, तेव्हा तुम्ही थर्मामीटर फेकून दिलात. आठवतंय?

आजोबा : ताप मोजून झाला तरी वाजत नव्हता तो. आणि त्याचा इथे काय संबंध?

आजी : मग नवा आणलात.

आजोबा : तोही तसलाच निघाला. हल्ली सगळा माल असाच.

आजी : दोन्ही वाजत होते. माझ्याच काखेत होते ना, मला ऐकू येत होतं.

आजोबा : तेव्हा का नाही बोललीस?

आजी : तापात वाद घालायचं त्राण नव्हतं. नंतर धीर होईना. वॉशिंग मशीन शेजारी वाजत असतं, तुम्ही पेपर वाचत बसलेले असता, आणि मी गच्चीवरून धावत येते. नातीचा फोन आला की 'लाइन खराब आहे' म्हणून माझ्या हातात देता. काल ती मला विचारत होती, आजोबा माझ्यावर रागावलेत का.

आजोबा : असं म्हणाली?

आजी : असंच म्हणाली.

(आजोबा इक्वलायझरची एक खुंटी वर-खाली करत राहतात.)

आजोबा : तिचे शब्द येतात गं. पण कडा झिजल्यासारखे येतात. मला वाटायचं, लहान मुलं अशीच बोलतात.

आजी : ती चांगली स्पष्ट बोलते.

आजोबा : लोकांचे रेडिओ दुरुस्त करण्यात जन्म गेला माझा. कुठे काय खरखरतंय ते दारातूनच सांगायचो.

आजी : सांगायचात ना. पण तुमचे रोगी नेहमी टेबलावर ठेवलेले असायचे.

आजोबा : हसू नकोस. भीती वाटते मला. कानाच्या डॉक्टरकडे गेलो की ते खरं होईल.

आजी : मलाही वाटते. म्हणून तर तोंडाने सांगायचं सोडून खुंट्या हलवत बसले. उद्या जाऊ. मी येते बरोबर.

आजोबा : जाऊ. आणि आल्यावर नातीला मी स्वतः फोन करतो. कळलं नाही तर तिलाच म्हणेन, हळू बोल, आजोबाचा कान म्हातारा झालाय.

आजी : शहाणे आहात.

आजोबा : आता त्या खुंट्या तुला हव्या तशा लाव. आणि इथे माझ्याजवळ बस.

आजी : मग तुम्हाला काय ऐकू येणार?

आजोबा : जाड जाड येईल तेवढं मी ऐकतो. बाकीचं तू सांग. दुसऱ्या कडव्यानंतर बारीक घंट्या आहेत. किती दिवसांत भेटल्या नाहीत. मला वाटलं, रेकॉर्डच झिजली.

आजी : लावा. आणि हात द्या इकडे. वाजली की बोटाने दाबते.

आजोबा : कडवं संपलं ना आता?

आजी : संपलं. ही एक. ही दुसरी.

आजोबा : शेवटची जरा मागे राहायची.

आजी : अजून राहते. थांबा. ही आली.