त्रेचाळीसची जाळी

नाव: जबाब देणाऱ्या बाईंच्या विनंतीवरून वेगळ्या कागदावर घेऊन पाकिटात बंद केले. वय: एक्केचाळीस. धंदा: कपड्यांवर स्क्रीन छपाई. पत्ता: नावासोबत पाकिटात.

मी समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून सांगते की, माझ्या पतींना आज दुपारी दोन इसमांनी आमच्या छपाईच्या खोलीतून पांढऱ्या गाडीत घालून नेले आहे. पोलिसांत गेलीस तर नवरा विसर, असे मला सांगण्यात आले. तरी मी आले आहे. येताना मागच्या गल्लीने आले. कोणी पाहिले असल्यास मला माहीत नाही.

आमच्या घरात मी, माझे पती आणि सासूबाई असे तिघे राहतो. घरामागच्या खोलीत छपाईचे काम चालते. टी-शर्ट, गणवेश, पिशव्या, कामगारांची जाकिटे असे काम असते. शाई कालवणे आणि फ्रेमवरून ओढणे हे पतींचे काम. कुठल्या कामाला कुठली जाळी लावायची, हे मी भिंगाने पाहून ठरवते. लग्न ठरले तेव्हापासून ते सगळ्यांना सांगत आले आहेत की, हिने मला आधी भिंगाखाली धरले, मगच होकार दिला.

जाळीबद्दल साहेबांनी विचारले म्हणून सांगते. फ्रेमवर ताणलेल्या कापडाला आम्ही जाळी म्हणतो. तिच्या भोकांतून शाई खाली उतरते. नंबर लहान तर भोक मोठे. त्रेचाळीसची जाळी जाड असते, तिच्यातून शाई भरपूर पडते. गडद कापडावर पांढरी मोठी अक्षरे काढायची तर ती चांगली, पण बारीक अक्षरे तिच्यात बुजतात. बारीक कामाला एकशेवीस लागते. मधल्या कामाला सत्त्याहत्तर. चुकीची जाळी लावली तर शाई कितीही महाग घ्या, काम वाया जाते.

मागच्या आठवड्यात एक इसम आमच्याकडे आला. त्याचे नाव मला ठाऊक नाही. पती त्याला चष्मेवाला म्हणू लागले, म्हणून मीही तेच म्हणते. उंच, अंगाने बारीक, बोलायला अगदी गोड. त्याच्या हातात गॅस कंपनीच्या तपासनिसाचे निळे, बिनबाह्यांचे जाकीट होते. पाठीवर कंपनीचे नाव पांढऱ्या मोठ्या अक्षरांत आणि त्याखाली बारीक अक्षरांत एक ओळ: ओळखपत्र पाहिल्याशिवाय दार उघडू नये. अशीच आणखी जाकिटे हवीत म्हणाला. कोरी जाकिटे त्याने बरोबर आणली होती.

मी कंपनीचे पत्र मागितले. तो हसला आणि म्हणाला, "वहिनी, पत्र काय, उद्या साहेबच घेऊन येतो." मग त्याने आमच्या घराकडे नजर फिरवली. सासूबाई दारात डाळ निवडत होत्या. त्यांना त्याने विचारले, "आजी, दुपारच्या घरी एकट्याच असता का?" सासूबाई म्हणाल्या, "एकटी कशी, ही दोघं मागेच असतात की." तो म्हणाला, "मागे म्हणजे हाका ऐकू येत नसतील."

तो गेल्यावर मी पतींना म्हटले की हे काम नको. ते म्हणाले, "अगं, जाकीटच आहे, बंदूक नाही. छापून देऊ आणि मोकळे होऊ." माझे पती माणसावर पटकन विश्वास टाकतात. मी टाकत नाही. पण नाही म्हणायची छाती मलाही झाली नाही, कारण त्याने घर पाहिले होते.

म्हणून मी त्रेचाळीसची जाळी लावली. खरे तर या कामाला दोन फ्रेमा हव्यात. मोठी अक्षरे वेगळी आणि खालची ओळ वेगळी, एकशेवीसवर. मी सगळे मिळून एकाच जाड जाळीवर घेतले. मोठी अक्षरे झकास उतरली आणि खालची ओळ पिठाचा गोळा झाल्यासारखी दिसू लागली. पतींनी विचारले तेव्हा मी म्हटले, गडद कापड आहे, शाई दाट हवी. जाळीच्या बाबतीत ते माझ्या शब्दाबाहेर जात नाहीत. चष्मेवाल्याने लांबूनच पाहिले, छान छान म्हणाला आणि गठ्ठा उचलून घेऊन गेला.

कंपनीचे खरे काम असते तर त्यांनी ते परत पाठवले असते आणि मी निमूट नव्याने करून दिले असते. खोटे असेल तर ज्याला वाचता येते त्याला संशय यावा, एवढाच माझा हेतू होता. याहून जास्त अक्कल मला त्या वेळी सुचली नाही.

परवा आमच्या पलीकडच्या गल्लीत, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई राहतात, त्यांच्या दारात दोन तपासनीस आले. बाईंनी एकाला पाठ फिरवायला लावली आणि खालची ओळ वाचता येईना म्हणून आतूनच आरडाओरडा केला. दोघे पळाले. गल्लीत सगळे हसत होते की, बाईंनी चोराचं शुद्धलेखन तपासलं. मीही हसले. घरी येऊन मात्र मी मागच्या दाराला कडी लावली, कारण ते जाकीट कुठे छापले हे त्या दोघांना माहीत होते.

आज दुपारी जेवणे आटोपल्यावर सदर इसम दुसऱ्या एका दांडग्या माणसासह खोलीत आला. (चष्मेवाल्याला मी वेगळा शब्द वापरला होता, जबाब लिहिणाऱ्या महिला अंमलदारांनी सदर इसम असे लिहिले.) त्याने जाकीट टेबलावर पसरले आणि बुजलेल्या ओळीवर बोट ठेवले. "हे असं कुणामुळे झालं?" आवाज तसाच गोड होता. पती पुढे झाले आणि म्हणाले, "माझ्याकडून जाळी चुकली. तिला यातलं काही कळत नाही."

एवढ्या वर्षांत मला यातले कळत नाही असे ते पहिल्यांदाच म्हणाले.

चष्मेवाल्याने शाईचा डबा, अक्षरांची फिल्म आणि जाळीवर द्यायच्या लेपाची बाटली उचलायला लावली. म्हणाला, "आमच्या जागेवर चला. पुन्हा नीट छापून द्या, मग सोडतो." पतींनी जाताना चपला घातल्या नाहीत. मी चपला घेऊन मागे धावले, तोवर गाडी निघाली होती. गाडीचा क्रमांक मला पूर्ण दिसला नाही. सासूबाई म्हणाल्या, "तू जा बाई ठाण्यात. मी आतून कडी लावते आणि तुझा आवाज आल्याशिवाय काढत नाही." म्हणून मी आले.

इथपर्यंत जबाब लिहून होत असताना माझा फोन वाजला. पतींचा होता. महिला अंमलदारांनी आवाज मोठा करायला लावला आणि खोलीतल्या सगळ्यांना गप्प राहण्याची खूण केली. झालेले बोलणे मी आठवेल तसे सांगते.

पती म्हणाले, "ऐक, घाबरू नकोस. नंबरांच्या वहीत बघून सांग. निळं कापड, पांढरी शाई, खाली बारीक ओळ. कुठली जाळी लावू?"

मी म्हटले, "अहो, तुम्ही जेवलात का?" का म्हटले ते मला सांगता येत नाही. ते जेवून गेले होते आणि मीच वाढले होते.

ते म्हणाले, "जेवलो गं. इथे जुन्या फ्रेमा पडल्या आहेत. सगळ्या लाकडी. आणि जाळी सगळी पिवळी."

तेव्हा मला कळले की ते कुठे आहेत. लेप दिलेल्या जाळीवर अक्षरे उजेडाने उमटवतात आणि पिवळी जाळी तो उजेड आत पसरू देत नाही, म्हणून ती बारीक कामाला घेतात. ती आता सगळे अॅल्युमिनियमच्या फ्रेमवर ताणतात. लाकडावर पिवळी जाळी मी एकाच ठिकाणी पाहिली आहे, ज्या उस्तादांकडे मी हे काम शिकले, त्यांच्या कारखान्यात. ते उस्ताद वारल्यापासून तो कारखाना बंद आहे. बाटल्यांच्या गोदामामागे आहे. लग्नाआधी पती तिथे कापड पोचवायच्या निमित्ताने येत आणि उगाच रेंगाळत.

मी कागदावर पत्ता लिहून साहेबांकडे सरकवला. पण फोनमध्ये मागून आवाज आला, "नंबर विचार तिला. लवकर." मला उत्तर द्यायचे होते. चुकीचा नंबर सांगितला असता तर पतींनी तोच लावला असता आणि मग त्यांचे हातपाय धड राहिले नसते. बरोबर सांगितला तर जाकिटे खऱ्यासारखी होणार होती. साहेब माझ्याकडे पाहत होते, पण त्यांनी काही सांगितले नाही. ते त्यांनी सांगायचे नव्हतेच.

मी म्हटले, "मोठ्या अक्षरांना सत्त्याहत्तर घ्या. खालच्या ओळीला वेगळी फ्रेम, एकशेवीस. शाईचे दोन हात मारा, मधे नीट वाळू द्या. घाई करू नका, वाळायला पुरा वेळ द्या." पती म्हणाले, "बरं." फोन बंद झाला.

जबाब येथे थांबवण्यात आला. संध्याकाळी पुढे लिहून घेतला, तो असा.

पथक त्या कारखान्यात पोचले तेव्हा दाराला बाहेरून कुलूप होते. आत माझे पती एकटेच होते. त्यांना कोणी मारलेले नाही. काम झाल्यावर ते दोघे जाकिटे घेऊन निघून गेले. टेबलावर एक जाकीट राहिले होते. पती आत्ता बाहेरच्या बाकावर बसले आहेत. मी हातात घेऊन आलेल्या त्यांच्या चपला त्यांच्या पायांत घातल्या. त्यांच्या नखांत पांढरी शाई आहे. मला पाहून ते आधी रडले आणि मग म्हणाले, "ओळ फार सुरेख उतरली गं." मी त्यांना दंडावर चापट मारली आणि मीही रडले.

साहेबांनी कंपनीकडून खरे जाकीट मागवून घेतले. कारखान्यात राहिलेले, पतींनी छापलेले त्याच्या शेजारी ठेवले आणि मला विचारले, लोकांना सावध करायचे आहे, तर खोटे कसे ओळखायचे ते सांगा. मी माझे भिंग लावून दोन्ही पाहिली. अक्षरांच्या कडा पाहिल्या, शाईचा थर बोटाने चाचपला, ओळीतला प्रत्येक काना आणि वेलांटी पाहिली. पतींनाही बोलावून दाखवले. कंपनीच्या जाकिटावरची ओळ जरा फिकट आहे आणि एका ठिकाणी तुटली आहे. आमची ओळ अखंड आहे आणि लांबून वाचता येते. दोन्ही समोर धरली तर लोक आमचेच खरे मानतील.

ती जाकिटे आता कुठे आहेत ते मला माहीत नाही. ज्या बाईंनी ओरडून गल्ली गोळा केली, त्या उद्या ओळ वाचतील आणि दार उघडतील. मी पतींना वाचवायला बरोबर नंबर सांगितला आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा सांगेन. पण त्या बाईंच्या घरी आजच माणूस पाठवावा, अशी माझी विनंती आहे. मला भीती वाटते.

हा जबाब महिला अंमलदारांनी मला सावकाश वाचून दाखवला. मी सांगितले तसाच लिहिला आहे. फक्त शेवटचे वाक्य त्यांनी एकदाच घेतले आहे, मी ते पुष्कळदा म्हणाले होते. बाकी बरोबर आहे.