मिरचीच्या कोल्ड स्टोरेजची दोन कुलपे

मी, सौ. तनुजा विश्वजीत काळभोर, वय ४१ वर्षे, धंदा मसाला उत्पादन, राहणार गुलटेकडी, पुणे. श्री. दत्तोबा केदारी यांनी माझ्याविरुद्ध कुलूप तोडल्याची तक्रार दिली आहे. त्याबाबत विचारल्यावरून समक्ष हजर राहून जबाब देते की,

मार्केट यार्डात दत्तोबांचा मिरचीचा गाळा आहे. माझा मसाल्याचा कारखाना आहे. आम्ही दोघांनी भागीदारीत मिरचीसाठी कोल्ड स्टोरेज बांधले. दाराला दोन कुलपे, एकाची किल्ली त्यांच्याकडे, एकाची माझ्याकडे. एकट्याने दार उघडायचे नाही, एकट्याने बंदही करायचे नाही. बंद करताना मी दारातून आत हाक द्यायची आणि दत्तोबांनी बाहेर आलेली माणसे मोजायची, असा आमचा रिवाज होता. यार्डात लोक आमच्या भागीदारीचे उदाहरण देत. आता देणार नाहीत.

दिवाळीत आमचे बिनसले. दत्तोबांचा मुलगा प्रज्ञेश याने स्वतःचा मसाला काढला आणि तो माझ्याच गिऱ्हाइकांना दाखवला. मला ते फार लागले. दोघांनी वकील केले. त्यांच्या कुलपाला हात लावल्यास फौजदारी करू, अशी त्यांची नोटीस आली. मीही तशीच पाठवली. कोल्ड स्टोरेजच्या आतली धोक्याची घंटा बंद पडली होती. ती त्यांनी दुरुस्त करावी असे माझे म्हणणे, मी करावी असे त्यांचे. घंटा तशीच राहिली.

सोमवारी दुपारी माल वेगळा करायला दोघेही हजर होतो. एकमेकांशी बोलत नव्हतो. काही सांगायचे तर हमाल गेनबा शेडगे यांच्यामार्फत सांगत होतो. गेनबा साठीच्या पुढचे आहेत. काम आटोपल्यावर मी माझे कुलूप लावले आणि रिक्षात बसले. हाक दिली नाही. दत्तोबा माणसे मोजतील असे धरून चालले. माझे कुलूप लागलेले पाहून मी हाक दिलीच असणार असे त्यांनी धरले, आणि आपले कुलूप लावले. हे त्यांनी नंतर सांगितले.

मंगळवारी सकाळी गेनबांच्या पत्नी बायडाबाई यांचा फोन आला. गेनबा घरी आले नव्हते. यार्डातच झोपले असतील असे त्यांना वाटले होते, पण तिथेही ते नव्हते. आदल्या दिवशी मी हाक न देताच कुलूप लावले होते, हे आठवले. दत्तोबांना फोन लावला. त्यांनी माझा नंबर ब्लॉक केलेला. मी जाऊन माझे कुलूप काढले आणि त्यांच्या कुलपावर पहारीचे घाव घातले. मधे दाराला कान लावला. आतून काही ऐकू येत नव्हते.

शेजाऱ्याने कळवल्यावरून दत्तोबा पोलीस ठाण्यात तक्रार देऊन, शिपायांना घेऊनच आले. त्यांनी माझ्या हातातली पहार धरली. मी म्हणाले, "गेनबा आत आहेत."

त्यांनी लगेच किल्ली लावली, पण माझ्या घावांनी कुलूप वाकले होते. किल्ली फिरेना. मग पहार त्यांनी मारली, मी कडी ओढली.

गेनबा पोत्यांच्या मधे, अंगावर गोणपाट घेऊन बसलेले होते. डोळे उघडे होते. हाकेला ओ देत नव्हते. सध्या ते अतिदक्षता विभागात आहेत. डॉक्टर अजून भरवसा देत नाहीत.

रुग्णालयात मी बायडाबाईंना म्हणाले की, माणसे मोजण्याचे काम दत्तोबांचे होते. दत्तोबा म्हणाले, पहिले कुलूप यांनी लावले. बायडाबाईंनी आमच्याकडे पाहिलेही नाही. त्या शिपायांना म्हणाल्या, "दोघांनी मिळून कोंडलंय माझ्या माणसाला. तेवढं काम मात्र दोघांनी मिळून केलंय. तसंच लिवा."

मी दत्तोबांविरुद्ध तक्रार देणार होते, ती देत नाही. कुलूप मी तोडले, हे खरे आहे. गेनबा आत असताना माझे कुलूप मी लावले, हेही खरे आहे.

हा जबाब मला मराठीत वाचून दाखवला. मी सांगितले तसाच तो लिहिला आहे, म्हणून खाली सही करते.