पुलापलीकडे दोन वर्षं

हॅलो?… हां लोरेन, बोल बोल. सकाळपासून कान फोनकडेच आहेत. थांब, हात चॉकलेटने बरबटलेत… हं. काय झालं कोर्टात? सोडलं ना तुझ्या लॅकीला?

काय?

दोन वर्षं?… आत? तुरुंगात?… अगं, नीट ऐकलंस ना तू? आमच्या ब्रॉडीला गुरुवारी घरी पाठवलाय! शिक्षा म्हणून नुसती सरकारी बागेत झाडलोट करायची, झालं… हो, हो, तो इथे ऑल्बरीच्या कोर्टात उभा होता, लॅकी तुमच्या वोडोंगात, नदीपलीकडच्या राज्यात. पण सरडे तेच ना! दोघांनी मिळून पकडले, माझ्याच टेबलावर मोज्यांत कोंबले, चोरून परदेशी धाडायला. मोजेसुद्धा ब्रॉडीचे!

रडू नकोस गं… बरं, रड. रड.

पण कायदा तर कॅनबेराच्या केंद्र सरकारचा, अख्ख्या देशाला एकच!… मग?… जज्ज ज्या त्या राज्याचा, म्हणून? म्हणजे शनिवारी आमच्याकडचं पोस्ट बंद, म्हणून तुझं पोरगं पार्सल घेऊन पूल ओलांडून गेलं, तिकडे धरलं गेलं… एवढ्यावर दोन वर्षं? पाच मिनिटांचा पूल गं तो! डोकंच चालेना माझं.

कोण येणारेय?… हां, ते कायदा तपासणारे. सगळीकडे शिक्षा सारखी करा म्हणणारे. सोमवारी, टाउन हॉलात?… जाच तू! ठणकावून सांग. ब्रॉडीचं नाव घे, माझं घे. अगं, मीच येते बरोबर!… वकील काय म्हणाला?

कुणाची शिक्षा?

नाही, नाही… परत सांग. सरकारी वकिलाला अजून तीन आठवडे आहेत… ब्रॉडीची कमी पडली म्हणून वरच्या कोर्टात जायला? वाढवून घ्यायला?… आणि टाउन हॉलात बोललीस की त्या सरकारी वकिलाच्या कानावर जाणारच.

लोरेन, ऐक ना. तू जा सोमवारी. सगळं सांग. फक्त… ब्रॉडीचं नाव नको घेऊस.

अगं, तीन आठवडे तरी!… हो, त्याला वगळलं तर सांगायला उरतंच काय, कळतं मला… लॅकी परका आहे का मला? अंगाखांद्यावर खेळवलाय मी त्याला!… हो, आत्ताच म्हणाले येते म्हणून. म्हणाले. लाज वाटतेय मला… पण ब्रॉडी बाहेर गवत कापतोय गं, इथून दिसतोय…

लोरेन? अगं, तूही आईच आहेस ना, तूच सांग मी काय…

हॅलो?… लोरेन?