ह्यांच्या सहीनं

मृत्यूच्या दाखल्याची रांग मुंगीच्या पावलानं सरकत होती. पुढच्या दीर-भावजयीचं बोलणं मागच्या शिंप्याच्या कानावर नको असताना पडत होतं.

"वहिनी, दादाचं मशीन आता बंद करा."

"राहू द्या ना, भावोजी."

"अहो, त्यातून अजून त्याच्या सहीनं कर्नल प्रोग्राम बाहेर पडतोय. कॉम्प्युटरचा गाभाच तो. लोक डोळे मिटून आपापल्या कॉम्प्युटरवर घालतात."

"ह्यांनीच तसं लावून ठेवलंय. नवा कर्नल आला की मशीन तो आपोआप तयार करतं, ह्यांची सही करतं, लोकांना पाठवून देतं."

"आणि तपासतं कोण?"

"तपासायचे हे."

"मग निदान लोकांना कळवा."

"कळवलं की ह्यांचं नाव काढून दुसऱ्याचं घालतील."

"घालणारच. ते का चुकणार आहे?"

"काल एकाचा मेल आला. परवाचा कर्नल घातल्यापासून त्याचा कॉम्प्युटर सुरूच होत नाही. रागावला नाही हो. तुमच्या हातून असं कधी होत नाही, तब्येत बरी आहे ना, म्हणून विचारलंय."

"तुम्ही काय कळवलंत?"

"बरी आहे म्हटलं."

खिडकीतून कारकुनाचा आवाज आला. "पुढचे कोण? मयताचं नाव सांगा."

ती वळली आणि शिंप्याला वाट करून देत म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे. आम्हाला घाई नाही."