अकरा मासे, दोन पाळ्या

…आणि वर मला विचारतात, "हेरंबराव, एवढ्या मंत्र्यांना तुम्ही घाम फोडलात, आणि तुम्हाला एक बगळा आवरत नाही?" आता याला काय उत्तर द्यायचं, तुम्हीच सांगा. मंत्री आधी तारीख कळवतो, वेळ कळवतो, चहाबिस्किटं देतो, मग प्रश्न टाळतो. बगळा कळवून येतो का? नाही, नाही, खुर्ची नको. तुम्ही बसा. मी इथे फाटकाशी उभाच बरा, का ते पुढे कळेल. एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवतो, म्हणजे उगाच गैरसमज नको : माझा त्या माशांशी काडीचाही संबंध नाही.

सव्वीस वर्षं मी वर्तमानपत्रात आहे. बी. ए. झालो ते इतिहास घेऊन, आणि राहायला आलो लालबागच्या या चाळीत, कारण गिरणगावाच्या बातम्या लिहायच्या तर गिरणगावात राहिलं पाहिजे असं तेव्हा मला वाटायचं. गिरगावातल्या कचेरीत बसून लालबागवर अग्रलेख लिहिणारे वेगळे. असो. तर आमच्या चाळीच्या मधोमध एक दगडी हौद आहे. नळ घरात आल्यापासून रिकामा. त्यात फुटक्या कुंड्या आणि एक तीन चाकांची तिचाकी… म्हणजे दोनच चाकं उरलेली. संप सुरू होऊन तीन महिने झाले असतील, ब्याऐंशीचा एप्रिल, आणि एके दिवशी सकाळी फाटकातून रामजी आत आला, दोन्ही हातांत बालद्या. रामजी म्हणजे गिरणीतल्या मोठ्या साहेबाच्या बंगल्यावरचा माळी. साहेब गेला होता अहमदाबादला, बंगल्याला कुलूप, आणि बागेतल्या तळ्यात साहेबाचे शोभेचे मासे. लाल, शेंदरी, एक पांढऱ्या डोक्याचा. अकरा. रामजी म्हणाला, "पाणी आटायला लागलंय. बघवेना. घेऊन आलो."

आता संपात माणसं अशी हळवी होतात की चिडकी, हे मी ठरवायच्या आत चाळीची सभा बसली. हो, सभा! त्या वर्षी कुणाला शिंक आली तरी सभा बसायची. विषय काय, तर हे मासे मालकाचे की कामगारांचे? एक गट म्हणाला, साहेबाचे मासे, साहेबाचं मीठ खाल्लेले, आपल्या हौदात नकोत. रामजी कोपऱ्यात उकिडवा बसला होता. तो शांतपणे म्हणाला, "सात वर्षं ह्यांना मी कुरमुरे घातले. साहेबानं एकदाबी वाकून बघितलं न्हाई." झालं. ठराव एकमताने मंजूर : मासे कामगार आहेत. कुंड्या काढल्या, हौद घासला, पाणी भरलं, मासे सोडले. मी वरून गॅलरीतून बघत होतो. फक्त बघत होतो. कारण माझा त्या माशांशी काडीचाही संबंध नाही.

आठवड्यात तीन मासे गेले.

मांजर म्हणावं तर पाणी सांडलेलं नाही. माणूस म्हणावं तर चाळीतला माणूस तीनच कशाला नेईल? मी म्हटलं, हा तपासाचा विषय आहे, आणि तपास कसा करायचा हे मला कोणी शिकवायला नको. पाच जणांचे जबाब घेतले, पाच वेगळ्या गोष्टी. शेवटी छडा लावला तो मंजुळाने. मंजुळा शीव कोळीवाड्याची, आठवड्यातून चार दिवस टोपली घेऊन चाळीत येते, फाटकाच्या आत बसून मासळी विकते. तिने हौदाच्या काठावरची शीट बघितली, वर पिंपळाकडे बघितलं आणि म्हणाली, "ढोकरी हाय ती. मातकट बगला. बसला का दगड वाटतो, उरला का पांढरा सफेत." उरला म्हणजे उडाला. आणि मग माझ्याकडे बघून, "पत्रकारभाऊ, ह्ये मासं तुमी खायाचं नाय, इकायचं नाय, मंग सांबालता कशाला? त्या पाखराला तरी पोट हाय." मी तिच्याकडून अर्धा डझन बांगडे घेतले आणि वर आलो.

मग उपाय सुरू झाले. जुना खाकी कोट बांबूवर चढवून बुजगावणं उभं केलं. बगळा दुसऱ्या दिवशी त्याच्या खांद्यावर बसून पाण्यात बघत होता, अगदी निवांत, कोटाचा आधार मिळाल्यासारखा. मग डबे वाजवून झाले. मी संपादकांना म्हटलं, एक चौकट लिहितो, 'गिरणगावातील नवे संकट'. ते म्हणाले, "हेरंबराव, संपावर लिहा." मी म्हटलं, हे संपावरच आहे. त्यांना कळलं नाही. गिरगावातून कसं कळणार?

आणि मग हरेश्वर पुढे आला. हरेश्वर म्हणजे गिरणीतला टाइमकीपर. लोकांची हजेरी लिहिण्यात याचा जन्म गेलेला. गेले तीन महिने लिहायला कोणीच नाही, म्हणून बायकोने दूध किती वाजता आणलं तेही मागच्या कॅलेंडरवर लिहायचा. तो म्हणाला, माशांना दोन पाळ्यांत पहारा द्या. सकाळी सात ते साडेतीन पहिली पाळी, साडेतीन ते अंधार पडेपर्यंत दुसरी. अंधारात ढोकरी येत नाही, म्हणून तिसरी पाळी ठेवली नाही, तर त्यावरही दोघे रुसले. हजेरीचं बुक आलं. जिन्याखाली स्टूल आलं. आणि तुम्हाला खोटं वाटेल, पण ज्या माणसांनी तीन महिने दाढी केली नव्हती, ती दाढी करून, डबा घेऊन, पावणेसातला जिना उतरायला लागली. जिना उतरायचा, वीस पावलं चालायची, आणि कामावर!

तुम्ही म्हणाल, जाळं का टाकलं नाही? मीही तेच म्हटलं! मंजुळा घरून जुनं जाळं घेऊन आली, हौदाच्या मापाचं कापून, कडेला गाठी मारून, एक पैसा न घेता. सभा बसली. हरेश्वर उभा राहिला आणि म्हणाला, "एक जाळं आलं की सहा माणसं घरी. नवीन यंत्र आणायचं आणि कामगार कमी करायचे, हेच ना मालक म्हणतो?" जाळं नामंजूर. मंजुळाने ते घडी करून टोपलीत ठेवलं, म्हणाली, "येरी झालीत सगली." येरी म्हणजे वेडी. मी तावातावाने वर आलो आणि आमच्या ललिताला, म्हणजे बायकोला, हा सगळा मूर्खपणा सांगितला. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "जाळं टाकलं तर ती माणसं सकाळी उठून जातील कुठे?"

सव्वीस वर्षं मी प्रश्न विचारतोय. हा मला सुचला नव्हता.

असो. आता रघुचं सांगतो, कारण खरा वाद तिथे आहे. रघु आमच्याच चाळीतला, तळमजल्यावरचा, मालवणकडचा. अठरा वर्षं गिरणीत बदली. बदली म्हणजे काय माहीत आहे ना? रोज सकाळी पास घेऊन गिरणीच्या फाटकाशी उभं राहायचं. कायम झालेला कोणी त्या दिवशी आला नाही, तर जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, नाव घेऊन हाक मारणार, मग आत. हाक आली नाही की घरी. अठरा वर्षं! आणि संपाच्या मागण्यांत काय होतं? बदलीवाल्यांना कायम करा! मग आमच्या हौदावर हरेश्वरने रघुला काय नेमावं? बदली! मी विचारलं, अरे, असं का? तर म्हणाला, "हेरंबराव, तो बदलीच आहे." जसं काही जन्मखूणच आहे. आणि रघु? तो रोज सातला येऊन चाळीच्या फाटकाशी उभा राहायचा, वहाणा काढून, हाकेची वाट बघत. सगळे हजर असले की सव्वासातला परत खोलीत.

ऑगस्टातली गोष्ट. पहिल्या पाळीला लवू होता, विणाई खात्यातला लवू. अकराच्या सुमारास त्याला निरोप आला, बहिणीला बरं नाही, तो स्टुलावरून उठला आणि अँटॉप हिलला गेला. हरेश्वर रेशनच्या रांगेत. मी जेवायला बसलेलो. ताटावरून उठून गॅलरीत हात धुवायला आलो, खाली बघतो तर बगळा हौदाच्या काठावर, चोचीत पांढऱ्या डोक्याचा मासा! मी तसाच उष्ट्या हाताने खाली. बगळा उडाला, सफेत. पांढऱ्या डोक्याचा गेला होता आणि आणखी एक. आठाचे सहा झाले. आणि मी वळून बघतो तर दहा पावलांवर, फाटकाशी, वहाणा काढून, रघु उभा.

मी म्हटलं, "रघु, तुला दिसला नाही?"

"दिसलो ना," म्हणाला. "बगळो दिसलो, मासो घेतलेलो दिसलो. लवू गेलो तोव दिसलो, म्हणान येवन उभो रवलंय."

"मग गेला का नाहीस?"

"माझा नाव कोणी घेतला नाय. मी कसो जातलंय?"

मी जे काही बोललो ते इथे सांगत नाही, बायाबापड्या बसल्यात. बोलून थकलो तेव्हा रघुने हळूच सांगितलं. पूर्वी एकदा असाच गिरणीच्या फाटकाशी उभा होता, आत कापसाच्या कचऱ्यातून धूर येताना दिसला, धावत जाऊन त्याने बालदीभर पाणी ओतलं. आग विझली. आणि हाक न मारता आत आला म्हणून पंधरा दिवस पास काढून घेतला. सांगताना रागबीग काही नाही. पावसाचं सांगावं तसं सांगितलं.

मग मात्र मी सभा बोलावली. मी! ज्याचा त्या माशांशी काडीचाही संबंध नाही! पाऊण तास बोललो. म्हटलं, ज्या मागणीसाठी रस्त्यावर आलात ती स्वतःच्या अंगणात मोडता? रघुला आजच्या आज कायम करा. टाळ्या पडल्या. हरेश्वरने बुक उघडलं, पानं चाळली, बुक मिटलं. "जागा रिकामी नाही," म्हणाला. आणि सभा संपली. सांगा, अशा माणसाचं काय करायचं? मी त्याच्यावर लेख लिहिला असता, पण शेजारी आहे, दूध उतू गेलं की त्याचीच बायको आमचा स्टो बंद करते.

जागा रिकामी व्हायला सव्वा वर्ष गेलं. लवू गावी गेला. कायमचा. काही गिरण्या सुरू झाल्या होत्या, याला परत घेतलं नाही. दोन ट्रंका, एक वळकटी, आणि जाताना हौदाशी थांबून कुरमुरे टाकले. दुसऱ्या दिवशी सातला हरेश्वरने बुकातलं लवूचं नाव रेघ मारून कापलं, खाली रघुचं लिहिलं आणि म्हणाला, "रघु, आत ये. उद्यापासून हाक मारणार नाही. आपला आपण यायचं."

रघुची बायको रखमा घरोघर साखर वाटत फिरली. कागदावर चिमूट चिमूट. आमच्या ललिताने मला साखर देताना म्हटलं, "तोंड गोड करा, तुमचं भाषण लागू पडलं." टोमणा होता, पण मी खाल्ली.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण कायम कामगाराला काय मिळतं? रजा! अठरा अधिक पावणेदोन वर्षांत ज्याने एक रजा घेतली नाही, तो पहिल्या महिन्यात हरेश्वरसमोर उभा, रखमाला घेऊन गावी जायचंय, पंधरा दिवस. हरेश्वरने मंजूर केली. नियमच तो. मग रघुच्या जागी बदली कोण? रामजी एक. पण रामजीचे आता गुडघे दुखतात, म्हणून नियमाप्रमाणे दुसरा हवा. दुसरा कोण? सगळ्यांचे डोळे वर. मी गॅलरीत पेपर वाचत होतो. "हेरंबराव," हरेश्वर खालून म्हणाला, "तुमची कचेरी दुपारची. आणि पत्रकाराला उभं राहायची सवय असते." मी म्हटलं, माझा त्या माशांशी… पण तोवर त्याने पोस्टकार्ड फाडून पास लिहायला घेतला होता. हा बघा. खिशातच आहे. पहिल्या दिवशी सातला त्याने फाटकाकडे बघून नुसतं "हेरंब!" म्हटलं. मी चमकलो. म्हटलं, हरेश्वर, बावीस वर्षं तू मला हेरंबराव म्हणतोस. तो म्हणाला, "बदलीच्या हाकेला राव लावत नाहीत."

तर म्हणून मी उभा आहे. आज हाक रामजीला गेली. म्हणून तर तुमच्याशी बोलायला वेळ मिळाला. मी सव्वासातला वर जायला हवं होतं, पण… हौदात परवापासून पिल्लं दिसताहेत. सहातल्या कुणाची तरी. नखाएवढी, अजून रंगही आलेला नाही. मोजायला गेलो की हलतात. काल एकवीस झाली, आज पहाटे बघितलं तर तेवीस. रघु पंधरा दिवसांनी येणार, त्याला काय तोंड दाखवायचं?

थांबा. जरा हळू बोला. पिंपळावरून उतरला. तिकडे बघू नका, बुजगावण्याच्या मागे, दगडासारखा… रामजी स्टुलावर बसल्या बसल्या डुलतोय. हरेश्वर कुठे दिसत नाही. एक पाऊल पुढे आला. दहा पावलं आहेत इथून, फार तर अकरा. मला सगळं दिसतंय हो! पण मी कसा जाणार?

तुमच्यापैकी कोणीतरी हाक मारा ना. मोठ्याने. नुसतं हेरंब म्हणा, राव नको.