आपला डोंगर त्यात धरतात का?

आपला डोंगर त्यात धरतात का हो? नाही, हसू नका, सरळ विचारतोय. आठ महिने झाले, पोशीरपासून चौकपर्यंत एक माणूस सोडला नाही, आणि तुम्हाला सांगतो, एकानं धड उत्तर दिलं असेल तर शप्पथ! तुम्ही तरी सांगा. तो समोर माथेरानचा डोंगर दिसतोय ना? तो. धरतात का?

कशात? बघा, हेच! लोक आधी ‘कशात’ विचारतात, आणि सांगायला लागलं की मोबाइल काढतात.

माझी मोठी बहीण, हर्षूताई. पुण्याला हवेचं शिकायची. म्हणजे पाऊस पडेल का, भात कधी कापू, असलं नाही. विमानं उडतात त्याच्याही वरची हवा! मी सातवीत शाळा सोडलेली, टेंपो चालवतो, कळंबच्या रिसॉर्टांना गाद्या पोचवतो, मला काय कळणार? पण सुट्टीला आली की ती मलाच सांगायची. आणि मी मधे बोललो की टोकायची, “नवन्या, नाय नाही, नाही म्हण!” आता ऐका, कसा शुद्ध बोलतोय... टोकायला कोणी उरलं नाही तेव्हा!

तर जानेवारीत तिचा फोन. “नवन्या, पार उत्तरेला, पृथ्वीच्या टोकावर, वरचं आभाळ तापलंय रे! आठवड्यात पन्नास अंशांनी!” मी ऐकलं फक्त ‘ताप’. ओरडलो, “आई, आभाळाला ताप आलाय!” आई भाकरी थापता थापता म्हणते, “मंग हर्षूला म्हणावं तिकडं फिरू नको गं, तुला लागंल.” ताई फोनवर हसून हसून खोकायला लागली.

मग तिनं समजावलं. म्हणाली, “नदीत दगड असतो बघ. दगड हलतो का? नाही. पण पाणी त्याच्यावरून जाताना उसळतं, लाटा उठतात. वारा तसाच डोंगरावर आपटतो. त्याच्या लाटा वर वर जातात, मोठ्या होतात, आणि तीस किलोमीटरवर जाऊन फुटतात. तिथं गोल फिरणारा वारा अडखळतो, हवा खाली दबते आणि दबली की तापते. सायकलचा पंप तापतो ना? तसं.” आणि गंमत म्हणजे, वर तापलं की दोन-तीन आठवड्यांनी खाली कुठंतरी लोक थंडीनं काकडतात. वर ताप, खाली गारठा!

मी म्हटलं, “डोंगर कुठले?” म्हणाली, “मोठाले. हिमालय, अमेरिकेतले...” मी म्हटलं, “आणि आपला? आपला डोंगर त्यात धरतात का?”

ती हसली नाही. तुम्हाला सांगतो, माझ्या प्रश्नाला आयुष्यात पहिल्यांदा कोणी हसलं नाही! म्हणाली, “चांगलं विचारलंस रे. बघते. घरी आले की सांगते.”

आली. फेब्रुवारीत. अंगात ताप घेऊनच आली. आणि चौथ्या दिवशी... जाऊ द्या.

मग मी कोणाला विचारायचं? दहाव्याला पुण्याहून तिचे सर आले. एवढे उंच, जाड चष्मा. म्हटलं, हे सांगणार! पाण्याचा तांब्या घेऊन उभा राहिलो, “सर, आपला डोंगर त्यात धरतात का?” सरांनी चष्मा काढला आणि रडायलाच लागले. आता रडणाऱ्या माणसाला परत विचारता येतं का? किशोरकाकांनी माझा दंड धरला, “ही येळ हाय का रं इचारायची?” मग कधी असते येळ? सर तर चार वाजता गेले!

चौकला सुलेमानचाचा टायरचं काम करतो. पंपाचं त्याला बरोबर कळलं, म्हणाला, “तापतो तर! हात लावून बघ!” डोंगराचं विचारलं, तर म्हणे, “ए नवनाथ, तू जेवलास का?” डोंगरातल्या वाडीवरची भागूबाई रानभाज्या घेऊन खाली येते. ती भडकलीच, “आमचा डोंगर का नाय धरनार? आमी काय हवेत राहतो?” मला फार बरं वाटलं हो... पण हे उत्तर नाही ना!

एक दिवस डोकं फिरलं, भर दुपारी माथेरानच्या घाटात टेंपो थांबवला आणि ताईला जोरात हाक मारली. म्हटलं, या डोंगरावरून नुसता वारा तीस किलोमीटर वर जातो, तर हाकेला काय झालं? मागच्या गाडीतला पर्यटक म्हणतो, “भैया, ब्रेकडाऊन?” मी म्हटलं, “हो.”

आणि खरं सांगू? तिलासुद्धा विचारलं होतं. चौथ्या दिवशी टेंपोतून दवाखान्यात नेत होतो. ती शेजारच्या सीटवर, मागं गाद्यांवर आई. ताईचे डोळे मिटायला लागले, तिनं झोपू नये म्हणून मी आपला बडबडतोय, “ताई, ते राहिलं ना सांगायचं! आपला डोंगर धरतात का?” तिचे ओठ हलले. कान नेला तर म्हणते, “पाय गार पडलेत रे.”

गाडी बाजूला घेतली. कपाळाला हात लावला, तर भाजला. पायांना लावला, तर बर्फ. वर ताप, खाली गारठा... तिचं सगळं शिक्षण मला तिथं, रस्त्याच्या कडेला कळलं! आणि कळून करायचं काय? गाद्या होत्या अकरा, चादर एक नाही. मग मी बूट काढले, माझे मोजे काढले आणि तिच्या पायांत चढवले. एक निळा, एक काळा. घरात माझे मोजे ती काठीनं उचलायची, तरी त्या दिवशी काही बोलली नाही.

धुतलेले होते का म्हणता?

नाय.

...नाही. नाही म्हणायचं.